भस्माची वाफ

राजुरीच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. घमेल्यात केळीच्या साली, शिळा भात, भाजीची देठं, वर तांब्याभर पाणी. गावात आलेल्या महाराजांनी डोळे मिटून त्यावर पुडीतलं पांढरं भस्म टाकलं. घमेलं चुरचुरलं, फसफसलं, वाफेचा लोट उठला.

"अग्निनारायण जागा झाला! घरच्या कचऱ्याचं आठवड्यात सोन्यासारखं खत! वास नाही, किडा नाही, फक्त श्रद्धा पाहिजे. ज्याची कमी असेल त्यानं पुडी घेऊ नये!"

आपली श्रद्धा कमी आहे, असं चारचौघांत कोण म्हणणार? सगळ्यांनी हात पुढं केले.

पुढच्या खुर्चीत बसलेल्या चिमाबाईनं मात्र ती वाफ ओळखली. जन्मभर दिवाळीआधी घराला लावायला तिनं कळीचा चुना भिजवला होता. पाणी पडलं की ढेकळं अशीच उकळायची. पण महाराजांनी तिला "मातोश्री" म्हणत हाताला धरून खुर्चीत बसवलं होतं, पहिली पुडी तिच्या ओटीत टाकली होती. एवढ्या आयुष्यात सभेत तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. ती गप्प बसली. वर शेजारच्या साळुबाईला म्हणाली, "घे गं, लई गुणाची हाय."

घरी येऊन, चुन्यानं काय बिघडणार म्हणत, तिनं स्वतःची पुडीही सुनेच्या, वृषालीच्या, गांडूळखताच्या बादलीत रिकामी केली.

दोन दिवसांनी साळुबाई हाताला फडकं गुंडाळून आली.

"वल्या हातानं भस्म कचऱ्यात कालवलं, आन् हात पोळला गं. महाराज म्हणत्यात, माझ्याच हातनं काय तरी पाप घडलंय. मालक आजारी असताना मी उपास मोडला व्हता, त्येच असंल."

"दवाखान्यात गेलीस का?"

"पापाला कसला दवाखाना, चिमे?"

चिमाबाई ताटावरून उठली. आधी तिनं साळुबाईला दवाखान्यात नेलं. येताना दुकानातून कळीचा चुना घेतला, वृषालीला बादलीसकट हाक मारली आणि तिघी थेट देवळापुढं, महाराज पुड्या वाटत होते तिथं.

"महाराज, मंतर मला येत न्हाई. फकस्त पाणी घालते."

घमेल्यात टाकलेली चुन्याची ढेकळं चुरचुरली, फुटली, तीच वाफ उठली. महाराज डगमगले नाहीत. "पाहा! मातोश्रींच्या हातात सिद्धी आलीय!"

"व्हय, दुकानात किलोवर मिळती," चिमाबाई म्हणाली. लोक खदखदून हसले. "आन् साळूच्या हातात पाप नव्हतं, चुना व्हता."

वृषालीनं बादली उपडी केली. गांडुळं मरून पडली होती. "भस्मानं वास दबला, पण कचरा कुजवणारे जीवच मेले. बादलीला भोकं पाडा. सालींवर दुप्पट वाळला पाला घाला, पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा, अधूनमधून खालीवर करा. दोन-तीन महिने लागतात. त्याला दुसरी वाट नाही."

हसू ओसरेपर्यंत महाराजांची गाडी मंचरच्या रस्त्याला लागली होती.

"चिमे," साळुबाई हळूच म्हणाली, "तुला तवाच कळलं व्हतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

चिमाबाईनं रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. "बसायला मिळालं म्हणून."

साळुबाईनं तोंड फिरवलं. कुणीतरी खुर्ची पुढं सरकवली. चिमाबाईनं ती मागं लोटली आणि उभ्यानंच म्हणाली, "बायांनो, पुडीत काय हाय ते आधी इचारा. आन् ज्याला ठावं हाय, त्यानं माझ्यासारखं गप बसू नका."