पाटा गाडीत, वरवंटा पिशवीत

सामान हलवणाऱ्या माणसांची परीक्षा आपण स्वतः घेणार असं कस्तुराबाईंनी जाहीर केलं, तेव्हाच तनुजाने ओळखलं की आता हे प्रकरण सुखासुखी उरकत नाही.

प्रकरण तसं साधंच होतं. तनुजाचा नवरा दयानंद पाटबंधारे खात्यात. त्याची बदली नांदेडहून लातूरला झाली. मुलगी शिवांगी अकरावीच्या क्लाससाठी आधीपासूनच लातूरच्या होस्टेलवर होती आणि तिथल्या मेसच्या वरणाला रोज फोनवरून शिव्या घालत होती. दयानंदने औसा रोडला एका घराचा खालचा मजला भाड्याने घेतला आणि नांदेडचं बिऱ्हाड उचलायचं ठरलं. अडलं होतं ते कस्तुराबाईंपाशी.

कस्तुराबाई तनुजाच्या सासूबाई, पण त्याच्या आधी तिची सख्खी आत्या. भावाची लेक सून करून आणायची त्यांच्यात जुनी रीत, त्यामुळे दोघींचं माहेर एकच, किनवटजवळच्या खेड्यात. तिथे तनुजाचे वडील हणमंतराव शेती बघायचे. या सोयीचा कस्तुराबाई पुरेपूर फायदा घ्यायच्या.

“येते मी लातूरला,” त्या म्हणायच्या, “पर न्हाई करमलं तर हणमंताकडं जाईन. माझंबी माहेर हाय ते.”

“आत्या, रुसून माहेरी मी जायचं असतं.”

“तू गेलीस का कवा? न्हाई ना? मंग तुझी पाळी मी घेते.”

तनुजा हसायची, पण तेवढ्यापुरतीच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. आत्याने तिच्या करपलेल्या भाकरी दूध घालून खाल्ल्या आणि दयानंदला सांगितलं, “आज मीच तव्यावरचं ध्यान सोडलं.” अशा बाईशिवाय नवं घर लावायचं ही कल्पनाच तिला सोसवत नव्हती. तिला आत्या हवी होती, बस.

आत्यांची अडचणही खोटी नव्हती. नांदेडच्या त्या गल्लीत त्यांना मान होता, आणि तो मान एका दगडावर उभा होता. घरोघरी मिक्सर आले, पाटे-वरवंटे अंगणात गेले आणि अंगणातून कुठेतरी बेपत्ता झाले. फक्त कस्तुराबाईंचा जोड शाबूत राहिला. आता बारशाला बाळाआधी पाळण्यात जातो तो वरवंटा. त्याला कुंची घालायची, काजळ-कुंकू लावायचं, पाळण्याच्या खालून वरून फिरवायचा, मग बाळाची पाळी. म्हणून गल्लीत कुणाकडेही पाळणा हलला की बायका हळदी-कुंकू घेऊन यायच्या, ‘मावशी, वरवंट्याला आवतण हाय,’ म्हणायच्या, आणि कस्तुराबाई इरकल नेसून वरवंटा पदराखाली घेऊन निघायच्या. मिक्सरवाल्या शहाण्या बाया बघत राहायच्या. लातुरात त्यांना असं कोण बोलावणार होतं?

तर परीक्षा. पहिला आला तो गळ्यात ओळखपत्र घातलेला, हातात टॅब. त्याने कपाट मोजलं, फ्रीज मोजला, काचेच्या सामानाला फुग्यांचा कागद लावतो म्हणाला. कस्तुराबाईंनी त्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेलं. “हे कसं नेणार?”

त्याने पाट्याला बुटाच्या टोकाने जरा ढोसलं. “दगड आहे ना आजी? टाका कुठेपण, त्याला काय होतंय.”

“बरं,” कस्तुराबाई म्हणाल्या, आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुसरा आलाच नाही. त्याने व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगितलं. तनुजा फोन धरून खोल्याखोल्यांतून फिरली. पाटा दिसल्यावर पलीकडून आवाज आला, “मॅडम, हे फुकट वजन कशाला नेता? नवा घ्या तिकडं.” तनुजाने कॉल कापायच्या आत कस्तुराबाईंनी फोनच्या तोंडावर पदर टाकला.

तिसरा भागवत. माहूरकडचा गडी, नांदेडात स्वतःची आयशर चालवायचा. तो कोपऱ्यात उकिडवा बसला, पाट्याला हात लावून कपाळाला लावला आणि वरवंटा दोन्ही हातांनी, तान्ह्या बाळाच्या मानेखाली आधार द्यावा तसा उचलला. “आजी, ही मायलेकरं एकाच पोत्यात बांधतो. मधी गोधडी घालतो. माय एका गाडीत आन् लेकरू दुसरीकडं, असं चालत न्हाई आपल्याला.”

“ह्योच,” कस्तुराबाई तनुजाला म्हणाल्या. भागवतला चहा तर मिळालाच, वर सकाळची शंकरपाळीही मिळाली.

इथवर सगळं छान झालं. मग तारखेचं निघालं. भागवतची गाडी मार्गशीर्षभर लग्नाच्या सामानात अडकलेली. पौष लागला की कस्तुराबाई जागच्या हलणार नव्हत्या, पौषात कुणी घर बदलतं का? उरली मधली अमावास्या. “त्या दिवशी मी मोकळाच हाय,” भागवत म्हणाला, “अमावस्येला कोन घर हलवून राहिलं?” तिकडून दयानंदचा फोन आला, की त्याच दिवशी लातूरला कलेक्टरने स्थानिक सुट्टी दिली आहे, बरंच झालं. सुट्टी कशाची, हे त्याने विचारलं नाही. सरकारी माणूस सुट्टीची चौकशी करत नाही.

कस्तुराबाईंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

“सामानाला कुठं तिथी कळती? जाऊ द्या अमावस्येला. मीबी येते, दारातून घर बघते. पर उंबरा न्हाई वलांडणार. सांजच्या यष्टीनं माघारी, आन् पौष किनवटला काढते. संक्रांत झाल्यावर बघू.”

आत्याचं ‘बघू’ म्हणजे काय ते तनुजाला चांगलं ठाऊक होतं. त्यांनी एकदा दाताच्या डॉक्टरला असंच ‘बघू’ म्हटलं होतं. तो दात पुढे आपोआप पडला.

अमावास्येच्या सकाळी गाडी भरली. सगळ्यात शेवटी भागवत पोतं आणि गोधडी घेऊन पाट्यापाशी गेला. “आजी, लेकरू कुठाय?”

“माझ्यापाशी.” कस्तुराबाईंनी मांडीवरची कापडी पिशवी जरा घट्ट धरली. पिशवीत दोन लुगडी, औषधाची डबी आणि खाली तळाशी वरवंटा होता. पाटा सुनेच्या संसारात, वरवंटा स्वतःबरोबर. भागवतने तनुजाकडे पाहिलं. तनुजाने दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. सगळं कळत होतं आणि बोलायची सोय नव्हती. भांडणारी सासू असती तर बरं झालं असतं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. भागवतच्या केबिनमध्ये मध्ये तनुजा, खिडकीशी आत्या. चाकूरच्या पुढे रस्त्याने टमटम, ट्रॅक्टर, मोटारसायकली सगळे गावातून बाहेर निघालेले, माणसांच्या डोक्यावर टोपल्या आणि काखेत मडकी. आत जाणारी गाडी फक्त यांचीच.

लातुरात शिरले तर गाव ओस. दुकानांची शटरं पाडलेली, हॉटेलं बंद, सिग्नल आपले रिकाम्या रस्त्याला लाल-हिरवे दाखवत बसलेले. औसा रोडच्या त्या कॉलनीत एकही दार उघडं नव्हतं. फाटकाशी दयानंद आणि शिवांगी दोघेच चोरासारखे उभे.

“हमाल कुठायत?” भागवतने विचारलं. लातूरला अड्ड्यावर माणसं कधीही मिळतात, या भरवशावर तो एकटाच आला होता.

“अड्ड्यावर कुत्रं नाही,” दयानंद म्हणाला. “दोनदा जाऊन आलो.”

कस्तुराबाई केबिनमधून उतरल्या, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी नजर टाकली. “दया, माणसं ऱ्हातेत का रे हितं?” त्यांचा आवाज चिडका नव्हता, नुसता थकलेला होता. तनुजाला तो जास्त लागला. “यष्टी कितीची हाय?”

दयानंदने घाईघाईने वरच्या मजल्यावरच्या घरमालकाला फोन लावला. मडिवाळप्पा म्हणजे भुसारचे व्यापारी, उदगीरकडचे. पलीकडे एवढा गलका होता की त्यांना ओरडावं लागलं आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

“हमाल? अहो साहेब, आज येळवस! आज हमालबी मालक हाय, शेतात बसून जेवायलाय! काल तुमाला आवतण दिलं का न्हाई मी?”

दिलं होतं. मडिवाळप्पांनी दिलं होतं, ऑफिसातल्या शिपायाने दिलं होतं, साहेबांनीही दिलं होतं. आणि दयानंदला वाटलं होतं की लोक आपले शिष्टाचार म्हणून ‘जेवायला या’ म्हणतात तसं म्हणताहेत. त्याने सगळ्यांना ‘आमचं सामान यायचंय’ असं सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे डोकं फिरल्यासारखं पाहिलं होतं. लातूरकडे वेळ अमावास्येला लोक शेतात जेवतात हे तनुजाने ऐकलं होतं. अख्खं शहर उठून जातं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“या तसेच,” फोन ओरडत होता, “गाडीसकट या!”

भरलेली आयशर रस्त्यात सोडून जाता येत नव्हती. म्हणून कपाट, फ्रीज, पलंग आणि पाटा असा सगळा संसार घेऊन ते जेवायला गेले.

औशाच्या रस्त्याला आत वळून ज्वारीचं हिरवंगार रान. मधे कडब्याची झोपडीवजा कोप, कोपीत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड, पुढे आंबिलीचं मडकं, भोवती पन्नासेक माणसं. कपाळभर विभूती लावलेले मडिवाळप्पा बांधापर्यंत सामोरे आले. त्यांच्या पत्नी, कमलम्मा, कस्तुराबाईंना हात धरूनच घेऊन गेल्या. “बर्री, बर्री अक्का! या, या, उपाशी असनार तुमी.”

कस्तुराबाई सतरंजीवर बसल्या, पण पिशवी मांडीवरच. पानात भाज्या-डाळींची घट्ट भज्जी पडली, बाजरीचे वाफवलेले उंडे पडले, तिळाची पोळी आली, आंबील आली. “अमावस्येला एवढं?” त्या पुटपुटल्या.

“आमच्यात ह्याच्यापरीस मोठा दिवस न्हाई,” कमलम्मा म्हणाल्या आणि आणखी एक उंडा वाढला.

आंब्याला बांधलेल्या झोळीत एक बाळ झोपलं होतं. कमलम्मांची लेक अक्षरा, शिरूर अनंतपाळला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. जन्मल्यावर बाळ काही दिवस दवाखान्यात काचेत ठेवलं होतं, त्यामुळे बारसं राहून गेलं. आता बाळ सुधारलं होतं, येत्या सोमवारी बारसं.

“सगळं जमलं बगा अक्का,” कमलम्मा म्हणाल्या, “निस्ता गुंडप्पा, वरवंटा वो, मिळंना. घर बांधलं तवा आमचा पाटा कुटं गेला कुनास ठाव. आता खलबत्त्याचा बत्ताच गुंडाळून फिरवावं म्हनते पाळन्यात.”

“बत्ता?” कस्तुराबाईंचा घास हातातच राहिला. “बत्त्यावानी काटकुळं व्हईल की लेकरू! आधीच काचंत राहून आलंय बिचारं!”

त्यांनी ताट सरकवलं, डावा हात पिशवीत घातला, लुगड्यांच्या खालून वरवंटा ओढून काढला आणि मांडीवर ठेवला. काळाभोर, वापरून गुळगुळीत झालेला, मधे बारीक कंबर पडलेला. “नांदेडात आमच्या गल्लीतलं एकबी लेकरू ह्याच्याबिगर पाळन्यात गेलं न्हाई. हा माझा दयाबी, आन् ही शिवांगीबी.”

कमलम्मांनी वरवंट्याला दोन्ही हात जोडले. मग सहज विचारावं तसं विचारलं, “ह्याची माय कुटाय?”

“गाडीत.”

“अगं बया. मायलेकरं येगळी?”

कस्तुराबाईंनी मांडीवरच्या वरवंट्यावर पदर ओढला. तनुजा मान खाली घालून आंबील ढवळत राहिली. वर पाहिलं असतं तर तिला रडू आलं असतं, आणि लोकांच्या सणात रडणं बरं दिसलं नसतं.

दिवस कलल्यावर माणसं गावाकडे परतली. मडिवाळप्पांच्या दुकानातले हमाल शेतावरच होते, ते जेवून तृप्त झालेले हमाल, मडिवाळप्पांचे दोन पुतणे आणि खुद्द भागवत यांनी हां हां म्हणता गाडी रिकामी केली. भागवतने पाटा एकट्याने आत नेला आणि स्वयंपाकघरात खिडकीखाली मांडला.

कस्तुराबाई उंबऱ्याबाहेर उभ्या. दयानंदने घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, “माय, यष्टी...” तनुजाने त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

“कमलम्मा,” कस्तुराबाईंनी जिन्याकडे बघत हाक मारली, “आजचा दिस खरंच चांगला म्हनता?”

“आज शेतात लक्षुमी येती अक्का. घरात यायला तिला कोन अडवतंय?”

कस्तुराबाईंनी पिशवीतून वरवंटा काढला आणि पिशवी तनुजाकडे दिली. पदर डोक्यावरून घेतला, वरवंटा दोन्ही हातांत धरला आणि उजवं पाऊल आत टाकलं. स्वयंपाकघरात जाऊन तो पाट्यावर ठेवला, थोडा मागे-पुढे करून नीट बसवला. मग कमरेवर हात ठेवून खिडकी, ओटा, नळ असं सगळं बघून घेतलं.

“तने, हणमंताला फोन लाव,” त्या म्हणाल्या. “वाट बघू नको म्हनावं. सोमवारी बारसं हाय आपल्या घरात.”

तनुजाने फोन काढला, पण डोळ्यांतल्या पाण्याने तिला नंबरच दिसेना. शेवटी शिवांगीने तिच्या हातातून फोन घेतला आणि आजोबांना लावला.