तिसऱ्या चौकोनातलं गाणं

मिथुनचा आवाज असा की हायवेवरचे ट्रक हॉर्न आवरते घेत. पण दुसऱ्या कडव्यापाशी त्याचं डोकं रिकामं होई. घरची नाचाची गाणी रात्रभर म्हणेल, हिंदी गाणं आलं की संपलं. आणि हल्ली लग्नात हिंदी गाण्याशिवाय कुणी पाय उचलत नाही. तळहातावर लिहून पाहिलं, घामाने कडवीच्या कडवी मनगटावर उतरली.

विसरवाडीच्या ज्या बँडमध्ये तो गायचा त्याचे मालक जालमसिंग. त्यांनी त्या दिवशी पिकअपवर भोंगे चढवतानाच सांगितलं, "आज परत अडकना, तं माईक खाले ठेव. मी पेनड्राईव्ह लावसू. त्याले जेवण लागत नई."

मिथुनकडे माईकशिवाय दुसरं काही नव्हतं. ऊसतोडीला तो एकदा गेला होता. तिथेही गात बसला म्हणून मुकादमाने परत पाठवला.

यावर तोडगा काढला होता त्याच्या बहिणीने. आशा नंदुरबारला कॉम्प्युटर शिकली होती आणि सुरतच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. फावल्या वेळात तिने एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड, लिहिली: गाण्याचं नाव दिलं की ती गाण्यांच्या साइटवर जाते, पानावरचा सगळा पसारा बाजूला सारते आणि नुसते बोल उचलून आणते. तिने ती नेटवर फुकट ठेवली. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती वापरत. आभार कुणी मानत नसे, तक्रार सगळे करत. त्यांची आई रुखमाबाई शेजारी अभिमानाने सांगे, "पोरीने लायब्ररी काढलीये." शेजारी विचारत, पेपर कुठले येतात.

लग्न दुपारचं होतं. लायब्ररीने आणलेले बोल समोर दिसावेत म्हणून मिथुनने मोबाइल माईकच्या दांड्याला रबराने बांधला. आशा लॅपटॉप घेऊन पिकअपच्या फाळक्यावर बसली. तिला कशाचीच खात्री वाटत नव्हती. दर मिनिटाला ती नेटवर्कच्या काड्या बघत होती.

पहिलं गाणं नीट पार पडलं. आमच्याकडे गाणारा मधे मधे पाहुण्यांची नावं आणि गावं घेतो. त्यालाही क्रम आहे. प्रत्येक गाण्यात पहिला मान नवरदेवाच्या मामाचा. हा क्रम चुकवल्यामुळे दोन गावांमधली सोयरीक बंद पडल्याची उदाहरणं आहेत, आणि ती सांगणारे प्रत्येक मांडवात हजर असतात.

दुसरं गाणं सुरू झालं आणि आशाच्या लॅपटॉपवर कुणा परदेशी माणसाचा निरोप आला: तुमची लायब्ररी कचरा आणते आहे.

तिने साइट उघडली. साइटवाल्यांनी नुकतीच रंगरंगोटी केली होती. लायब्ररी पानावरचा तिसरा चौकोन उचलायची. बोल तिथेच असायचे. आता तिथे जाहिरात होती, आणि साइट इतकी हुशार की नवापूरजवळच्या माणसाला नवापूरचीच जाहिरात दाखवत होती.

तोवर मिथुन खणखणीत आवाजात गात होता, "गोवालभाईऽऽ, नवापूरवाले गोवालभाईऽऽ, कोंबडीची एक दिवसाची पिल्लंऽऽ..."

"दादा, थांब!" आशा ओरडली. भोंग्यांपुढे तिचं कोण ऐकणार?

मिथुन थांबला नाही. समोर जे येईल ते गायचं, विचार करायचा नाही, हे तिनेच त्याला बजावलं होतं. लोकही नाचत होते. थांबले फक्त मामा. ते रिंगणातून बाहेर आले आणि त्यांच्यामागे त्यांचं अख्खं गाव बाहेर आलं.

"हाऊ गोवालभाई कोण शे?" मामांनी विचारलं. "मन्हा आधी त्यानं नाव?"

"चुकीनं झालं, मामा," जालमसिंग हात जोडत म्हणाले आणि मिथुनकडे वळले. "दे माईक!"

मिथुनने माईक घट्ट धरला. नजर पडद्यावर. पडद्यावर बोल नव्हतेच, जाहिरातीची पुढची ओळ होती. त्याने डोळे मिटले आणि मामांचं नाव चालीत बसवलं, "करमसिंगमामाऽऽ, लस टोचलेले मामाऽऽ, मजबूत हाडाचे मामाऽऽ, घरपोच मिळतीऽऽल!"

क्षणभर ढोलवालाही गोंधळला. मामा विचार करत उभे राहिले. मग त्यांनी टोपी सारखी केली, हात वर केले आणि रिंगणात शिरले. त्यांचं गाव शिट्ट्या मारत मागोमाग. आता नवरीच्या काकांनाही घरपोच व्हायचं होतं.

गाणं संपेपर्यंत आशाने दुरुस्ती केली. ती घामेजून मोबाइलपाशी आली. "झालं, दादा. आता खरे बोल येतील."

जालमसिंगांनी मोबाइलवर हात ठेवला. "काई हात नको लावू, बेटा. पब्लिकले हाईच पाहिजे."

"अहो, ती चूक आहे!"

"ऱ्हाऊ दे. पेनड्राईव्हमा नई शे ही चूक."

मग आशाने दुरुस्त लायब्ररी जगाला दिली आणि भावाच्या मोबाइलमध्ये बिघडलेली ठेवली. माईक मिथुनकडेच राहिला. पण झोप गेली. आता प्रत्येक लग्नाआधी तो सकाळपासून तिसरा चौकोन उघडून बघतो आणि आशाच्या दारात येऊन उभा राहतो.

"आशी, आज मूळव्याधीचं आलंय."

"मग?"

"मामांना काय गाऊ?"