उपाशीपोटी

"ठेवा तो पाव खाली," ती म्हणाली. "आत्ता फोन आला म्हणजे?"

मास्तरांनी बशी सरकवली. मास्तर म्हणजे शिंपी, उभा जन्म लोकांची मापं घेण्यात गेलेला. ती त्यांची बायको, शेजारी बसून काजं-बटणं करणारी. मास्तरांच्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशनची तारीखही मिळाली आणि नेमकी तेव्हाच ही मेली साथ आली. दवाखान्यातल्या सगळ्या खाटा साथीनं गिळल्या. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे, मग तारीख देणंच बंद झालं. फोनवरची नर्स एवढंच म्हणाली, "खाट मिळाली की कळवू. लगेच निघायचं, उपाशीपोटी."

हे बोलणं बायकोनं घट्ट धरून ठेवलं. खाऊन बसले असले तर नंबर दुसऱ्याला जाईल, या धास्तीनं ती दुपार टळेपर्यंत त्यांच्या तोंडात घास जाऊ देईना. तोवर त्यांची भूक मरून जाई. दोन घास चिवडून ते ताट सारत.

पँटची कंबर त्यांनी स्वतःच मशीनवर दोनदा आत घेतली. "गिऱ्हाइकांना सांगून दमलो, माप देताना पोट आत ओढू नका म्हणून," ते म्हणाले. "आता माझं बघ, न ओढताच आत."

तिला हसू आलं नाही. तरी रोज सकाळी ती त्यांना अडवायचीच.

फोन आला तेव्हा उन्हाळा जाऊन थंडी पडली होती.

तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बसवलं. "गाठ वाढलीय, पण तेही बघितलं असतं," ते बायकोला म्हणाले. "अंगात काही उरलेलंच नाही. भूल दिली तर टेबलावरच जातील. खाणं का तोडलंत त्यांचं?"

"तुमच्याच माणसांनी सांगितलं होतं. उपाशीपोटी."

"अहो, ते त्या दिवसापुरतं..." डॉक्टरांनी कागद मिटले. "घरी न्या. मागतील ते खाऊ घाला."

मीच मारलं यांना, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. ती बाहेर आली.

"काय म्हणाले?" बाकावरून मास्तरांनी विचारलं.

"खायला सांगितलंय. काय हवं ते."

"बघ, म्हणजे उतार पडतोय," मास्तर म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "आण मग काहीतरी. आणि तूही खा, माझ्यापायी तुझेही हाल झाले."