वहिनींची दाढ

दवाखान्यात सगळे त्यांना वहिनी म्हणत. दातांच्या डॉक्टरांची बायको, म्हणजे मदतनीस म्हणून राबायला हक्काचं माणूस.

डॉक्टरांनी कीड मारायची नवी पद्धत आणली होती. दात फार कोरायचा नाही. खड्ड्यात निळं औषध भरायचं, मुरू द्यायचं आणि वर लाल उजेड पाडायचा, की जंतू खलास. औषधाशिवाय उजेड म्हणजे निव्वळ रोषणाई. ते औषध पिचकारीत भरून वहिनी डॉक्टरांच्या हातात ठेवत. डॉक्टरांना आयतं मिळायची इतकी सवय, की बाटली कुठे असते हेही त्यांना ठाऊक नसेल.

एकदा डॉक्टरांचे जुने सर हा प्रयोग बघायला येणार असं ठरलं. सरांनी मान डोलावली तर कॉलेजात शिकवायची जागा पक्की. पेशंट कोण? वहिनींची खालची दाढ किडलीच होती. घरचंच गिऱ्हाईक! वहिनीही खूश होत्या. दाढ वाचणार होती.

सरांपुढे डॉक्टरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बोलता बोलता त्यांनी सवयीने हात पुढे केला. हातात काहीच आलं नाही, कारण देणारी खुर्चीत आ वासून पडली होती. त्यांनी सरळ दिवा उचलला. औषध राहिलं हे वहिनींनी पाहिलं. तोंडात कापसाचे बोळे. "अं अं" करत त्यांनी औषधाकडे बोट दाखवलं.

"घाबरू नकोस गं," डॉक्टर म्हणाले. मग सरांकडे वळून, "दुखत काहीच नाही हं, सर. बायका उगाच बाऊ करतात."

उजेड पडला, खड्डा बुजवला, सरांनी पाठ थोपटली.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "अहो, निळं औषध राहिलं."

"माहितीये. दिवा लावल्यावर आलं लक्षात."

"मग थांबलात का नाही?"

"सरांसमोर नाक कापून घेऊ?"

"आता तरी उघडा. आत कीड तशीच आहे."

"वेडी आहेस का? तीच दाढ बघायला सर परत येणारेत. उघडून पुन्हा भरलेली त्यांना लगेच कळेल."

वहिनी एका बाजूने जेवू लागल्या. मग गाल सुजला, दुखणं गोळ्यांना दाद देईना. शेवटी डॉक्टरांनी दाढ उपटली, आणि "जरा दम धरायला काय झालं होतं?" म्हणत वर तेच चिडले.

सर आले. दाढेच्या जागी नुसती हिरडी बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"काय सांगू, सर," डॉक्टर म्हणाले, "पद्धत चोख होती. हिचं गोड सुटत नाही, आणि ब्रशचा कंटाळा."

"काय हो सूनबाई, चोरून खाता वाटतं?"

"औषध लावलंच नव्हतं, सर," वहिनी म्हणाल्या.

सर खो खो हसले. "घ्या! आता सूनबाई डॉक्टरला शिकवणार." डॉक्टरही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

"शेजारची दाढही किडलीय की," सर छोट्या आरशातून बघत म्हणाले. "हिच्यावरच दाखव पुन्हा."

वहिनींना नवऱ्याचा असा तिटकारा आला, की त्याच्याकडे बघवेना. पण किडलेली दाढ त्यांची होती, आणि ती वाचवायची होती. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.