सुलेखा उजागरेची साक्ष

वर्धापनदिनाच्या आठ दिवस आधी इवोनीचा फोन आला. गावातल्या ब्राझिलियन चर्चच्या पास्टर एलियासची ही बायको. बोलायची जर्मनमध्ये, पण तिच्या तोंडी जर्मनसुद्धा गाण्यासारखी लांबत जायची.

"सुलेखा, रविवारी साडी नेस हं. ती लाल, सोनेरी काठांची. ब्राझीलहून पाहुणे येतायत, आम्हाला ज्यांनी इथे पाठवलं त्या मंडळीतले. त्यांना तुला साडीत बघायचंय."

"ऑक्टोबर आहे इवोनी. गारठेन मी."

"वरून कोट घाल. पण नेस. माझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हटलं की सुलेखाला नाही म्हणता यायचं नाही. जर्मनीतल्या या इंगोलश्टाटमध्ये तिच्याशी माणसासारखं वागलेलं पहिलं माणूस म्हणजे इवोनी.

सत्यजितला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि दोघं नगरहून इथे आली, त्याला आता तीन वर्षं होत होती. पहिल्याच रविवारी दोघं जवळच्या जर्मन चर्चमध्ये गेली होती. अकरा म्हाताऱ्या आणि एक भलामोठा ऑर्गन. उपासना संपली, पाळकांनी दाराशी हात मिळवला, रविवारच्या शुभेच्छा दिल्या आणि पुढच्या बाईकडे वळले. वर्षभर तेच. मराठी लोकही होते गावात, ते प्रेमाने गणपतीला बोलवायचे. विभावरी म्हणून एकीच्या घरी दिवाळीलाही गेली दोघं. पण तिथे कोणीतरी मोदक वाढता वाढता हमखास विचारायचं, "तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात?"

"मी नाही झाले," सुलेखा म्हणायची. "माझी पणजी झाली."

लोक हसायचे, तीही हसायची. पणजीचं नाव मनोरमाबाई. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाने वाळीत टाकलं, सख्ख्या भावाने तोंडावर दार लावलं. तिशीत ती अक्षरं शिकली आणि मग मिशनची बायबलबाई होऊन, बायाबापड्यांना बायबल वाचून दाखवत पाथर्डीकडच्या वस्त्यांवरून उन्हातान्हात पायी हिंडली. नगरच्या चर्चच्या मंडळीत आजही म्हातारी माणसं तिचं नाव काढतात. हे सगळं मोदकाच्या ताटावर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सुलेखा सांगायची नाही.

मग एकदा सुपरमार्केटच्या फळ्यावर तिला ब्राझिलियन मंडळीचा कागद दिसला. एका जर्मन चर्चचं सभागृह भाड्याने घेऊन दर रविवारी दुपारी तीनला त्यांची उपासना व्हायची. बहुतेक बायका. जर्मन नवऱ्यांशी लग्न करून आलेल्या, आठवडाभर मान खाली घालून काम करणाऱ्या आणि रविवारी तोंड उघडणाऱ्या. पहिल्या दिवशी चौदा जणींनी सुलेखाला मिठी मारली. टाळ्या, ढोलकी, रडणं, हसणं, मग लांब टेबलावर चिकन भरलेले तळलेले गोळे, चीजचे पाव, चॉकलेटचे लाडू. इमारतीची देखभाल करणारा हाऊसमाइस्टर दर अर्ध्या तासाने येऊन खिडक्या बंद करून जायचा. तो गेला की कोणीतरी उघडायचं.

एलियास आणि इवोनीचं घर तीन खोल्यांचं. पुढची खोली म्हणजे मंडळीचं ऑफिस, प्रार्थनेची जागा आणि पाहुण्यांची खोली, सगळं एकच. नवऱ्याशी भांडून कोणी बाई बॅग घेऊन आली की त्यांची मुलगी राकेल मुकाट्याने आपलं अंथरूण उचलून स्वयंपाकघरात जायची. पंधरा वर्षांची पोर, दहावीला असलेली. दर महिन्याच्या शेवटी दोन दिवस बसून पास्टर ब्राझीलला अहवाल लिहून पाठवायचा. किती आले, किती बुडाले, म्हणजे बाप्तिस्मा किती जणांनी घेतला, कोणाचं आयुष्य बदललं. त्या दोन दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

इवोनीची आई तिकडे वारली तेव्हा इथे मातृदिनाचा सोहळा होता. साठ माणसांचा केक इवोनीने स्वतः कापला, प्रत्येक आईच्या केसात फूल खोवलं. कोणाला पत्ता लागू दिला नाही. सोमवारी सकाळी मात्र ती सुलेखाच्या दाराशी आली आणि ओट्याला टेकून दोन तास रडली. "पाळकाच्या बायकोची आई रविवारी मरत नसते," ती म्हणाली होती. त्या दिवसापासून ती सुलेखाची मैत्रीण.

म्हणूनच मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुलेखा तळ्यात उतरली. या मंडळीत सभासद व्हायचं तर पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा लागे. लहानपणी कपाळावर शिंपडलेलं पाणी त्यांच्या लेखी पाणी नव्हतं. सुलेखाने आधी मानच डोलावली नाही. पण सत्यजित म्हणाला, "एक बुडी तर मारायची आहे. तुझं काय झिजतं? मला ते डीकन करणार आहेत." तोवर कंपनीत त्याला कोणी मीटिंगमध्ये दोन वाक्यं बोलू दिली नव्हती. इथे मंडळीच्या कारभाऱ्यांत, डीकनांत, त्याला घेणार होते आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून लोक प्रार्थना करायचे. सुलेखाने ते ओळखलं आणि गावाबाहेरच्या तळ्यात, पांढरा झगा घालून, पास्टरच्या हातात हात देऊन ती पाण्याखाली गेली. नगरला आईला तिने सांगितलं नाही.

रविवारी ती लाल साडी नेसून गेली. सभागृहात हिरव्या-पिवळ्या पताका, भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'पाच वर्षं', मधोमध तीन मजली केक. ब्राझीलहून चार पाहुणे आले होते. मिशन बोर्डाचे दोघे पुरुष कोटात, गंभीर. एक फोटो काढणारा. आणि एक ठेंगणी म्हातारी, दोना झुलेईदे, म्हणजे झुलेईदेबाई. म्हातारीने सुलेखाला दारातच पाहिलं आणि धावत येऊन तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मंडळीतल्या दोन वर्षांत सुलेखाला त्यांची पोर्तुगीज भाषा बोलता येत नसली तरी कळायला लागलं होतं. म्हातारी म्हणत होती, "पोरी, वर्षभर रोज सकाळी तुझ्यासाठी गुडघे टेकलेत मी. तू मूर्ती फोडल्यास, त्या दिवशी तर मी उपास केला."

सुलेखाला वाटलं, आपल्याला नीट कळलं नाही. तेवढ्यात म्हातारीने पर्समधून एक कार्ड काढलं. हाताळून कडा मऊ झालेलं. त्यावर सुलेखाचे दोन फोटो. एकात ती विभावरीच्या घरी, हातात आरतीचं ताट. विभावरीने मिनिटभर धरायला दिलं होतं, तेव्हा सत्यजितने टिपलेला. दुसऱ्यात ती तळ्यातून वर येताना, डोळे मिटलेले. खाली मजकूर होता. सुलेखाने बोट ठेवून एकेक शब्द लावला. भारत. अंधार. मूर्ती. येशूला स्वीकारलं म्हणून सासूने घराबाहेर काढलं.

सासूने! मालिनीबाई गेली बावीस वर्षं नगरच्या चर्चमध्ये पेटी वाजवत होत्या. नाताळात सुनेच्या आवडीची करंजी झाल्याशिवाय दुसऱ्या फराळाला हात लावायच्या नाहीत.

सुलेखा तशीच मागे स्वयंपाकघरात गेली. इवोनी ताटल्या पुसत होती. सुलेखाने कार्ड तिच्यापुढे धरलं.

"हे कोणी लिहिलं?"

इवोनीने कार्डाकडे पाहिलंच नाही. दार लोटून घेतलं. "एलियासने. पण मला माहीत होतं."

"मी चौथ्या पिढीची ख्रिस्ती आहे, इवोनी. तुला मी सांगितलंय. माझ्या पणजीबद्दल सांगितलंय."

"आठवतंय मला." ती खाली बसली. "ऐक. बोर्डाला इथलं काम बंद करायचं होतं. म्हणाले, पाच वर्षांत तुम्ही काय केलंत, तर आमच्याच बायका गोळा केल्यात. त्या तर ब्राझीलमध्येही विश्वासीच होत्या. मग एलियासने तुझं लिहिलं. दूरच्या देशातली बाई. तिथे सगळी मंडळी रडली म्हणे. आज ते दोघे ठरवणार आहेत. नाही म्हणाले तर डिसेंबरात आम्ही परत. राकेलची शाळा अर्ध्यात सुटेल. तिकडे जाऊन ती पोर्तुगीजमध्ये कुठली परीक्षा देणार? फक्त आजचा दिवस, सुलेखा. आणि सत्यजित म्हणाला होता, चालेल."

"सत्यजित?"

"फोटो त्यानेच दिले ना."

सत्यजित सभागृहात खुर्च्या मांडत होता. छातीला डीकनचा बिल्ला. सुलेखाने त्याला बाजूला घेतलं, मराठीत विचारलं. तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "अगं, फोटो दिले मी. पुढचं त्यांनी जरा रंगवलं. पोर्तुगीजमध्ये आहे ते. नगरला कोण वाचणार आहे?"

"तुझ्या मम्मींनी मला घराबाहेर काढलं असं लिहिलंय त्यात."

"त्यांना थोडंच कळणार आहे? आत्ता तमाशा नको करूस, प्लीज."

गाणी सुरू झाली. मग पास्टरने माइक घेतला आणि सुलेखाला पुढे बोलावलं. साक्ष द्यायला. ती जर्मनमध्ये बोलणार, इवोनी पाहुण्यांसाठी पोर्तुगीजमध्ये सांगणार, असं ठरलेलं. सुलेखा उभी राहिली. समोर म्हातारी पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. पळून जावं असं सुलेखाला वाटलं. पण मग वाटलं, मनोरमाबाई कुठे पळाली होती?

"माझं नाव सुलेखा उजागरे," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी ख्रिस्ती घरात जन्मले. माझी पणजी शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाली. तिने त्याची किंमत मोजली. मी मोजलेली नाही. मला कोणी घराबाहेर काढलेलं नाही."

मागच्या रांगांतले जर्मन नवरे तेवढे चमकून वर बघायला लागले. इवोनीने माइक तोंडाशी नेला. ती बोलायला लागली, आणि सुलेखाने कान देऊन ऐकलं. शंभर वर्षांपासून माझं घराणं अंधारात होतं. मी त्याची किंमत मोजली. पण आज मला घर मिळालं.

"आलेलुया!" सभागृह घुमलं.

सुलेखाने इवोनीच्या हातातला माइक ओढून घेतला. होती नव्हती तेवढी पोर्तुगीज गोळा केली. "नाही," ती म्हणाली. "तसं नाही. माझी पणजी विश्वासी होती. पणजी."

कोटातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इवोनीचा चेहरा कागदासारखा पांढरा. आणि तेवढ्यात दोना झुलेईदे उठली, दोन्ही हात वर करून ओरडली, "पणजीसुद्धा! प्रभूने हिच्या पणजीलासुद्धा वाचवलं! हिच्या साक्षीने म्हातारी विश्वासात आली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोलकी सुरू झाली. पास्टर एलियासने ती संधी सोडली नाही, डोळे मिटून पणजीसाठी उपकारस्तुती केली. म्हातारीने सुलेखाला घट्ट धरलं. ती खरोखर थरथरत होती. तिच्या आनंदात लबाडीचा कण नव्हता. सुलेखाला तिला ढकलवेना. मिठीत ती तशीच उभी राहिली, आणि फोटो काढणाऱ्याने फोटो काढला.

केक कापायच्या आधीच ती बसने घरी आली. लाल साडीवर कोट, आणि बसमध्ये शेजारची सीट रिकामी.

त्याच संध्याकाळी तिने नगरला फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. कार्ड, पणजी, सत्यजितचे फोटो आणि तळंसुद्धा.

"त्यांनी खोटं लिहिलं हे वाईटच," आई म्हणाली. "पण दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलास, म्हणजे पहिला खोटा होता असं तूच नाही का म्हणालीस?"

सुलेखाने काहीतरी उत्तर दिलं. ते तिचं तिलाच पटलं नाही.

बोर्डाने काम चालू ठेवायचं ठरवलं, आणखी दोन वर्षं. सत्यजितने ही बातमी जेवताना सांगितली, आणि सुलेखाचा हात आमटीच्या वाटीवर थांबला तेव्हा म्हणाला, "निदान त्या पोरीची शाळा तरी वाचली." तो दर रविवारी जात राहिला. सुलेखा गेली नाही. तिच्याबद्दल तो तिथे काय सांगतो, हे तिने विचारलं नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी इवोनी आली. हातात झाकलेलं भांडं, नाक थंडीने लाल. सुलेखाने दार उघडलं, पण वाट दिली नाही.

"दोना झुलेईदे तुझी आठवण काढते," इवोनी म्हणाली. "विचारते, पणजी कशी आहे."

"तू काय सांगतेस?"

"बरी आहे म्हणते." इवोनीने मान खाली घातली, मग वर बघितलं. "मला माफ कर म्हणायला आले नाही मी. मला पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन. तुझी पणजी मेलीये, सुलेखा. राकेल जिवंत आहे."

सुलेखाला खूप काही म्हणायचं होतं. उन्हातून चालणारी मनोरमाबाई, पेटीवर बसलेल्या मालिनीबाई, ओट्याला टेकून रडणारी हीच बाई, सगळं एकदम मनात आलं. पण जर्मन शब्द सापडेनात, आणि मराठी हिला कळलं नसतं.

"भांडं घेऊन जा," ती म्हणाली.

इवोनी जिना उतरून गेली. सुलेखा दाराशी उभी राहून तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली. खालचं दार लागेपर्यंत तिला वाटत होतं की हाक मारावी. मारली नाही. मग आत येऊन तिने सत्यजितचे रविवारचे शर्ट बादलीतून काढले आणि एकेक करून, नीट झटकून, वाळत घातले.