बैलाच्या पोटातले केस

औशाजवळच्या गुरांच्या छावणीत त्या सकाळी चाऱ्याच्या रांगेपेक्षा मोठी गर्दी गुरांची बाधा उतरवणाऱ्या नंदीबाबाच्या मांडवापुढे होती. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. शहरात नव्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या आणि खेड्यांवर दुसऱ्या वर्षीही पाऊस फिरकला नव्हता. गुरं नुसत्या उसाच्या वाढ्यांवर, शेंड्याच्या पाल्यावर, तगून होती. हाडं वर आलेली. एकमेकांची अंगं चाटत, दोरखंड चघळत आणि एकेक करून रवंथ सोडत.

बाबा म्हणे, ही करणी आहे. छावणीतल्या एका शेतकऱ्याचा, किशनरावांचा, पांढरा देवणी बैल पुढं आणला. बाबानं त्याच्या जिभेवर ओवा, मीठ आणि गूळ चोळला, मानेवर हात ठेवून तो पुटपुटत बसला. बऱ्याच वेळानं बैलाच्या गळ्यातून एक गोळा खालून वर सरकताना सगळ्यांना दिसला.

"बघा, पोटातली पीडा गुरूच्या हुकमानं जिभेवर निघाली," असं म्हणत बाबानं बैलाच्या तोंडात हात घातला आणि लाळेनं माखलेला, लिंबाएवढा केसांचा गोळा बाहेर काढला. माणसांनी हात जोडले.

"केस काळे हायेत. बाईचे. ती बाई रोज या दावणीला येते," बाबा म्हणाला.

छावणीत शेण भरायला येणारी बाई एकच होती, पंचशीला. तिचा नवरा किनवटकडं कामाला गेलेला. घरी फक्त म्हातारी सासू, नागुबाई. चौघांनी पंचशीलाला धरलं आणि किशनरावांनी आपल्या हातानं, विळ्यानं तिची वेणी कापली. दुसऱ्या कुणा चेटकिणीला धाक बसावा म्हणून ती वेणी छावणीच्या फाटकाला बांधली. शेकडो माणसं बघत होती.

पंचशीला रडली नाही. घरी जाऊन बसली. नागुबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच सांगितलं, "छप्पन सालाआधी मेलेली ढोरं आपल्याच माथी होती. बौद्ध झालो तवा ते काम सोडलं. पर असले गोळे म्या ढोराच्या पोटात लई पाह्यलेत. तवा कुणी करणी म्हनलं न्हाई."

"ते तोंडात यायचे का, आत्याबाई?"

"कशाला येतात. बुडाशी दगडावानी बसलेले असायचे."

मग बाबाच्या हातात आला तो कुठून आला? पंचशीलाच्या मनात त्या क्षणी जे पेटलं ते विझलं नाही. त्या दिवसापासून ती पदर न घेता, कापलेलं डोकं उघडं ठेवून, किशनरावांच्या दारावरून पाण्याला जायला लागली. त्यांनी मान वळवली की ती थांबून बघायची.

आठव्या दिवशी बैल मेला. बाबानं सांगितलं, त्याच बाईनं डाव साधला, आता तिला गावाबाहेर काढा. पण माणसं तिच्या दाराशी पोचायच्या आत पंचशीला औशाच्या जनावरांच्या दवाखान्यात पोचली होती. डॉक्टर विरूपाक्ष यांना तिनं एवढंच सांगितलं, की बैल कशानं मेला ते समद्यांसमोर दाखवा.

डॉक्टर जीपनं आले. किशनरावांनी परवानगी लगेच दिली. त्यांना करणीचा पुरावा हवाच होता.

बैलाचं पोट उघडलं. मोठ्या पोटात वाढ्यांचा घट्ट लगदा भरलेला. डॉक्टरांनी सांगितलं, की चारा बैल एकटा पचवत नाही, या पोटातले डोळ्यांना न दिसणारे जंतू तो कुजवतात. त्या जंतूंनाही मीठ, क्षार, पेंड लागते. ते मिळालं नाही की पचन मंदावतं आणि जनावर मिठासाठी दुसऱ्याचं अंग चाटतं. चाटलेले केस पोटात जाऊन वळतात. मग त्यांनी खाली हात घालून मोठ्या पोटातून पुढं जाणाऱ्या वाटेत अडकलेला मुठीएवढा गोळा काढला, यानंच वाट बंद होऊन बैल मेला असं सांगितलं आणि तो चिरला. आत पांढरे केस होते, आणि लाल. शेजारच्या दावणीला लाल कंधारी गाय बांधलेली होती. बैलानं चाटून चाटून तिची पाठ उघडी पडली होती.

"आता बाबानं काढलेला गोळा चिरा," पंचशीला म्हणाली.

किशनरावांनी तो कापडात जपून ठेवला होता. डॉक्टरांनी चिरला. पंचशीलानं फाटकाची वेणी सोडून आणून त्याच्याशेजारी ठेवली. वेणी दीड हात लांब. गोळ्यातले केस बोटाच्या पेराएवढे, राठ, म्हशीचे. त्या छावणीत एकही म्हैस नव्हती.

स्नानाला जातो म्हणत बाबा सटकायला निघाला होता. पंचशीलानं त्याची झोळी हिसकावली आणि मातीत उलटी केली. तसेच चार गोळे घरंगळले. मेलेल्या जनावरांची हाडं विकत घेणाऱ्या लातूरच्या वखारीतून ते आणल्याचं बाबानं मग कबूल केलं.

"मग गळ्यात चढला ते काय होतं?" एकानं विचारलं.

"रवंथाचा घास," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर बघताय तुम्ही. ओव्या-मिठानं पोट जरा हललं. त्याआधी कित्येक दिवस रवंथ बंद होता, म्हणून चमत्कार वाटला. घास वर आला तेव्हा गोळा याच्या मुठीत होता."

गर्दी बाबावर धावली. पंचशीला आडवी आली. दयेनं नव्हे.

"मारू नका. मारलं की तुमची हौस फिटंल अन् इथंच मिटंल. मला ह्याला कोर्टात उभा बघायचाय. अन् ह्याच्या आधी दुसऱ्याला."

पोलीस चौकीत तिनं पहिलं नाव लिहायला लावलं ते किशनरावांचं. ते हात जोडून म्हणाले, बाबानं फशिवलं, पोरी, माफ कर.

"बाबाचा हात बैलाच्या तोंडात होता," ती म्हणाली. "माझ्या डोक्याला हात तुमी लावला. लिवा, साहेब."

हवालदारानं लिहिलं. छावणीत दुसऱ्या दिवसापासून गुरांना मीठ आणि क्षारांची पूड मिळायला लागली. महिनाभरानं दावणीला पुन्हा रवंथाचा आवाज येऊ लागला.

तुमचं जनावर रवंथ सोडून बसलं, तर मांडव शोधू नका, दवाखाना गाठा. मेलं, तर पोट उघडून बघायला सांगा. आणि कुणी एखाद्या बाईकडं बोट दाखवलं, तर विळ्याला हात घालण्याआधी बोट दाखवणाऱ्याची झोळी उलटी करा.