तेरेन्तीचा आरसा

मी चितारी तेरेन्तीचा आरसा बोलतोय. अंगावर काळं कापड आहे, म्हणून आवाज जरा दबका येईल.

तेरेन्ती जन्मानेच वार्वाराबाईंच्या जमीनदारीचा बांधील. जमिनीबरोबर त्याचीही मालकी बाईंकडे. देवळातल्या संतांची चित्रं रंगवता रंगवता त्याचा हात बसला, तेव्हा बाईंनी त्याला पीटर्सबर्गला शिकायला धाडलं. तिथेच त्याने मला घेतलं. काढलेला चेहरा तो माझ्यात उलटा बघायचा. उलट्यात नाकाचा वाकडेपणा लगेच सापडतो. मोठमोठ्या सरदारांच्या बायका त्याच्यापुढे मान ताठ करून बसत आणि वाहवा करत. पण बाईंचा निरोप आला की त्याला मुकाट्याने दावणीला परत यावं लागे. मला त्याची फार दया यायची.

मग बाईंची एकुलती एक मुलगी ग्लाशा तापाने गेली.

"तिला जिवंत काढ," बाई म्हणाल्या. "जमलं तर तुला मोकळं करते."

पण शवपेटीतल्या मिटल्या पापण्यांवरून डोळे काढायचे कसे? रिवाजाप्रमाणे घरातले सगळे आरसे झाकलेले. तेरेन्तीने माझं कापड ओढून काढलं.

"अरे मेल्या, मयताच्या घरात आरसा उघडतोस?" म्हातारी दाई उल्याना करवादली. "त्यात बघेल तो या घरात अडकतो."

"आजी, मी काय आज अडकलोय?" तो हसला. "सुटायचंच बघतोय."

माझ्यात बघून त्याने स्वतःचेच राखाडी डोळे ग्लाशाच्या चेहऱ्यात उतरवले. मला भीती वाटत होती. त्याच्या खांद्यामागे माझ्या काचेत कुणीतरी उभं होतं, आणि खोलीत तर तो एकटाच होता.

बाईंनी चित्र खूप वेळ पाहिलं. मग तेरेन्तीची हनुवटी धरून त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला.

"हे माझ्या ग्लाशाचे डोळे."

"बाईसाहेब, माझी मोकळीक..."

"वेडा का रे तू? माझी पोर तुझ्यातून बघतेय. तिला दुसऱ्यांदा घराबाहेर जाऊ देऊ?"

त्यानंतर त्याच्या हाती कुंचला दिलाच नाही. डोळे शिणतील म्हणून. रोज चहाच्या वेळी बाई त्याला समोर बसवत. "ग्लाशा, इकडे बघ." तो बघे. पुढे पुढे तो त्या नावाला ओ देऊ लागला.

तो गेला तेव्हा मला झाकलं, ते पुन्हा कुणी उघडलं नाही. कापडाखाली माझ्या काचेत त्याचे ते डोळे अजून मिटलेले नाहीत. कधी तुम्ही हे कापड काढलंत, तर एवढं करा. त्याला तेरेन्ती म्हणून हाक मारा.